बेटावरची माणसं आणि आमचे डॉक्टर

डिग्री हातात पडल्यावर मी पहिली नोकरी धरली ती ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान, समोर ई-रिक्षांचा कायमचा गोंधळ. तिथले डॉक्टर आयांशी हिंदीत बोलत, मुलांशी मराठीत, आणि टूथपेस्टच्या एजंटांशी इतक्या जड, संस्कृतप्रचुर मराठीत, की मुरैन्याकडचा तो बिचारा एजंट नमुन्याच्या ट्यूबा टेबलावर ठेवून हात जोडत दाराबाहेर सरके. मुलाला मराठी येते का, याची चौकशी डॉक्टरांनी कधी केली नाही. "दुधाचे दात पडेपर्यंत सगळी मुलं मराठीच असतात, मॅडम," असं ते मला सांगत. आणि खरंच, कंपूतल्या गुप्ता-तोमर-शर्मांची मुलं 'आ कर', 'थुंक' आणि 'गाढवा' एवढी मराठी शिकूनच घरी जात.

मला ते 'मॅडम' म्हणत. त्यात आदर वगैरे नव्हता. त्यांच्या मते कॉलेजातून ताज्या बाहेर पडलेल्या डॉक्टरला नावानं हाक मारली की तिला आपण माणूस असल्याचा भास होतो आणि मग ती रजा मागते.

भर मे महिन्यात ते ॲप्रनच्या आत हातविणीचा स्वेटर घालत. एसी त्यांना सोसत नसे, आणि एसी बंद केला तर पेशंट सोसत नसत. चष्मा ठेवायला टेबलावर प्लास्टरचा एक जबडा होता. चष्मा हरवला की त्या जबड्याकडे ते असे रागानं बघत, जणू त्यानंच तो चावून खाल्ला. एखादी आई म्हणाली, "सर, हमारा बच्चा तो चॉकलेट छूता भी नहीं," की ते मुलाच्या तोंडात आरसा घालून शांतपणे म्हणत, "जी. तो कीड़े ने खुद बाजार जाके खाया होगा."

अशा माणसाच्या दवाखान्यात गर्दी का होती, हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. कारण बाहेरच्या खोलीत होतं. तिथे भिंतीवर एक मोठा टीव्ही होता आणि त्याला एक पेन ड्राइव्ह कायमचा चिकटलेला होता. कुठल्याशा एजंटनं दिवाळीची भेट म्हणून दिलेला. त्यात जुनी, साहेबाच्या देशातली, आपल्या आजोबांच्या काळातली कार्टून ठासून भरली होती. मुलं तोंड उघडं टाकून ती बघत, आणि उघडं तोंड हीच आमच्या धंद्याची पहिली गरज. डॉक्टरांनी स्वतः ती कधी पाहिली नव्हती. "आवाज येतो ना? मुलं गप्प आहेत ना? मग त्यात काय दाखवतात याच्याशी दंतवैद्याचा काय संबंध?" असं त्यांचं शास्त्रीय मत होतं. ते रेवा येईपर्यंत टिकलं.

रेवा नया बाजारातली, तिसरीत जाणारी मुलगी. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या चिटणीसांची नात. चिटणीस काकांना लष्कर हा आमचा शहराचा अख्खा भाग ओळखे, कारण ते कुणाला विसरू देत नसत. सणासुदीला पगडी, खांद्यावर उपरणं, आणि कुठल्याही विषयावर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याच वाक्यात, "आमचे पणजोबा दक्षिणेतून घोड्यावरून आले." ग्वाल्हेरच्या मराठी घराला असा एक पूर्वज लागतोच, आणि तो घोड्यावरून आलेला असावा लागतो. पायी आलेल्यांचे वंशज अजून कुणाला सापडलेले नाहीत.

तर या रेवाला तिची आई घेऊन आली. वरचे दात पुढे येत होते. डॉक्टरांनी 'आ कर' म्हटलं, तिनं केलं. पण त्यांनी हात काढला रे काढला की तिचा खालचा ओठ वरच्या दातांखाली सरकून गडप होई.

"ओठ बाहेर काढ बरं, बाळा."

तिनं काढला. पुन्हा आत.

"वहिनी, ही ओठ चोखायची सवय कधीपासून? यानंच दात पुढे येतायत."

रेवाची आई ओशाळून म्हणाली, "अहो सर, हिला ना स्कूल बसमध्ये मुलं चिडवतात. रंगावरून, ओठांवरून. काहीतरी नाव ठेवलंय. तेव्हापासून ही अशी ओठ लपवून बसते. आता मुलं आहेत, चलता है."

"काय नाव ठेवलंय?"

आईला ठाऊक नव्हतं. रेवानं मान खाली घातली. तेवढ्यात बाहेरच्या टीव्हीवर ढोल बडवले गेले आणि 'हुंबा-हुंबा, हुंबा-हुंबा' असा गजर झाला. बाहेरची मुलं खिदळली. आणि खुर्चीतल्या रेवाचा ओठ आमच्या डोळ्यांदेखत आत गेला, गोगलगाय शंखात जावी तसा.

डॉक्टरांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि ग्लोव्ह्ज न काढता बाहेर गेले. मी त्यांच्या मागे. पडद्यावर एक बेट होतं. जहाज फुटलेलं एक अस्वल वाहत येऊन त्या बेटाला लागलं होतं. बेटावरची माणसं डांबरासारखी काळी, डोळे बशीएवढे, ओठ सायकलच्या ट्यूबएवढे, केसांत हाड खोवलेलं. सगळ्यांचा चेहरा एकच, कारण वेगळा काढायची तसदी कुणी घेतली नव्हती. त्यांनी अस्वलाला कढईत घातलं होतं आणि भोवती 'हुंबा-हुंबा' करत ती नाचत होती. सोफ्यावरचा एक मुलगा त्यांच्या सुरात सूर मिसळून ओरडत होता, त्याची आई कौतुकानं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होती.

डॉक्टरांनी टीव्ही बंद केला. "लाइट गई क्या?" त्या आईनं विचारलं.

"जी हाँ," डॉक्टर म्हणाले, "बहुत दिनों से गई हुई थी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला समोर बसवलं आणि डबा उघडून तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. पोळी खात खात आम्ही एकामागून एक कार्टून बघितली. मला वाटलं होतं ते संतापतील. ते निदान करत होते. पिवळ्या रंगाची, डोळ्यांच्या जागी रेघ असलेली, पुढे आलेल्या दातांची माणसं दिसली, तेव्हा त्यांनी फिल्म थांबवली. "मॅडम, अख्ख्या मुलखाचे दात पुढे? एकालाही नीट चावता येत नाही? हे लोक भात कसा खातात, ते तरी दाखवायचं." पुढे कुठे बॉम्ब फुटला की गोऱ्या प्राण्याचं तोंड काळं होई, ओठ सुजत आणि त्याचं बोलणं अडाण्यासारखं होई. "बघा," ते म्हणाले, "स्फोट झाला की हा काळा होतो, आणि काळा झाला की लगेच विनोदी होतो. काय सोय आहे!"

मग ते लोणच्याची फोड चोखत चोखत म्हणाले, "ते पोर जाड ओठांच्या चित्रापासून पळतंय आणि पळता पळता पुढे आलेल्या दातांच्या चित्राकडे निघालंय. आणि हे सगळं माझ्या भिंतीवर, माझ्या विजेवर."

त्या दिवसापासून टीव्ही बंद. आयांनी तक्रारी केल्या. एकीची तक्रार अशी, की टीव्ही नसल्यामुळे मुलगा तिच्याशी बोलायला लागला आहे. शेवटी डॉक्टरांनी समुद्रातल्या माशांची एक फिल्म आणून लावली, तर एका वडिलांनी विचारलं, आमचं घर शाकाहारी आहे, मुलांना हे का दाखवता?

पण डॉक्टर आता थांबणार नव्हते. साठीच्या पुढे माणसाला एखादं सत्य सापडलं की आसपासच्यांचे हाल होतात. ते येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारत, "बेटावरची माणसं बघितलीस? ती काय खातात? त्यांना शाळा असते का? त्यांच्यात दातांचा डॉक्टर कोण?" मुलं 'आ' करून बसलेली, उत्तर देणार कशी? तेच बरं होतं.

त्याच सुमारास टांझानियाचा एक विद्यार्थी अक्कलदाढ घेऊन आला. इथल्याच एका कॉलेजात शिकत होता, हिंदी झकास बोलायचा. मोठ्यांचे दात आम्ही संध्याकाळी बघत असू. डॉक्टरांना तर पर्वणीच. त्यांनी त्याच्या हिरडीत इंजेक्शन दिलं आणि दाढ बधिर होईपर्यंत साऱ्या जगातल्या कार्टूनवाल्यांच्या वतीनं त्याची क्षमा मागितली. बेट, कढई, हाड, काही सोडलं नाही. तो पोरगा अर्धा जबडा लुळा पडलेल्या अवस्थेत ऐकत होता.

दाढ निघाल्यावर, कापसाचा बोळा चावत, त्यानं सांगितलं, "डॉक्टर साब, ये सब हमारे घर भी चलता था. मैं भी बहुत हँसता था."

डॉक्टर चकित झाले. "तुम हँसते थे?"

"क्यों नहीं? मैं तो भालू की तरफ था. यहाँ ग्वालियर आया, सड़क पे बच्चे पीछे-पीछे हुंबा-हुंबा करने लगे, तब पता चला, मैं तो कढ़ाई की तरफ वाला हूँ."

तो हे हसत म्हणाला. कापूस बदलून, औषधं घेऊन गेला. डॉक्टर त्या संध्याकाळी कुणालाही गाढवा म्हणाले नाहीत.

पुढे गणपती आले. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत रविवारी दुपारी 'बालगोपाळांसाठी जुनी गाजलेली कार्टून, मोठ्या पडद्यावर' असं छापलं होतं. डॉक्टर मंडळाचे आजीव सभासद. ते मला घेऊन नया बाजारच्या हॉलवर गेले. चिटणीस काका पताका लावणाऱ्यांना पणजोबांची गोष्ट सांगत होते.

"चिटणीस, ती कार्टून दाखवू नका," डॉक्टर म्हणाले आणि कारण सांगितलं.

काका मोठ्यानं हसले. "अहो डॉक्टर, कार्टून आहे हो ते! आपण पण तेच बघून मोठे झालो. मुलांना काय कळतं काळं-गोरं?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. एका वाक्यात काम झालं असतं. 'तुमच्या नातीला विचारा,' एवढंच. पण रेवानं खुर्चीत जे दाखवलं होतं ते दवाखान्याबाहेर न्यायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी ते वाक्य गिळलं. गिळताना त्यांना किती त्रास झाला, ते मी पाहिलं, कारण न बोलण्याची त्यांना सवयच नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "मग त्याआधी एक छोटं कार्टून माझ्यातर्फे. मीच बनवतो."

"वा, वा! बिलकुल!" काका म्हणाले. त्यांना वाटलं, दात कसे घासावेत यावर असेल.

डॉक्टरांचा हात चित्रकलेत बरा होता. त्यांनी जाड कागदावर चित्रं काढली, मी त्यांचे फोटो काढून लॅपटॉपवर क्रमानं लावले. रविवारी हॉल खचाखच भरला. मी बटण दाबत होते, डॉक्टर माइक घेऊन सगळे आवाज काढत होते.

पडद्यावर एक बेट आलं. त्याचं नाव लष्कर. एक अस्वल वाहत येऊन त्याला लागलं. झाडामागून बेटावरची माणसं निघाली. सगळ्यांचं नाक पोपटासारखं वाकडं, सगळ्यांची पगडी घसरून नाकावर आलेली, त्यामुळे कुणालाच काही दिसत नाही आणि सगळे एकमेकांवर आदळतायत. सगळ्यांचा चेहरा एकच. त्यांनी आवेशानं तलवारी उपसल्या तर म्यानांतून लाटणी निघाली. त्यांनी अस्वलाला श्रीखंडाच्या कढईत घातलं आणि भोवती फेर धरून नाचायला लागले. नाचताना त्यांना एकच शब्द येत होता.

"पणजोबा-पणजोबा! पणजोबा-पणजोबा!" डॉक्टर माइकवर गरजले.

मुलं हसून लोळली. पूर्ण हॉलभर चिमुकल्या आवाजात 'पणजोबा-पणजोबा' सुरू झालं. पहिल्या रांगेत रेवा बसली होती. ती हसत होती. ओठ, दात, हिरड्या, पडजीभ, सगळं दिसत होतं. मी बटण दाबायचं विसरले.

मोठ्या माणसांच्या रांगांमध्ये मात्र एकदम शोकसभा. चिटणीस काका उभे राहिले. पगडीखाली चेहरा लालबुंद.

"बंद करा हे! हा समाजाचा अपमान आहे! आम्ही काय असे आहोत?"

"अहो चिटणीस," डॉक्टर माइकवरच म्हणाले, "कार्टून आहे हो ते. मुलांना काय कळतं?"

कुणीतरी वायर ओढली. माइक बंद पडला. जुनी गाजलेली कार्टून त्या दिवशी दाखवली गेली नाहीत. डॉक्टरांचं नाव पुढच्या वर्षीच्या पत्रिकेतून गेलं, आणि काही मराठी घरांनी आपले दात दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. ते खुशीत होते. रिक्षात बसताना मला म्हणाले, "बघितलंत, मॅडम? एवढ्यात कळलं सगळ्यांना."

खरं म्हणजे मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली.

रेवाची आई तिला पुढच्या तपासणीला घेऊन आली तेव्हा एकटीच बोलत होती, रेवा मासे बघत होती. "सर, राग नका मानू. पण तुम्ही ते कार्टून दाखवलं ना, तेव्हापासून गल्लीतली पोरं बाबांना बघितलं की 'पणजोबा-पणजोबा' करत मागे लागतात. ज्यांनी पाहिलं नाही ती पण. विसर्जनाला बाबा पगडी न घालताच गेले. आता घरातून निघत नाहीत फारसे. आधी बोलायचे तर कंटाळा यायचा हो. आता बोलतच नाहीत."

डॉक्टरांचा हात प्लास्टरच्या जबड्यावर गेला आणि तिथेच राहिला. आपण ज्या कढईबद्दल इतके दिवस आरडाओरडा करत होतो, तीच आपण नया बाजारात पेटवून आलो, हे त्यांना कळलेलं मला दिसत होतं. मी सांगायची गरज नव्हती, आणि सांगितलं असतं तर रजा मिळाली नसती.

रेवाला आत बोलावलं. दातांची प्रगती चांगली होती. ओठ बाहेर होता. बसमध्ये अजून चिडवतात का, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, "चिडवतात कधी कधी. पण आता आजोबा येतात ना बस स्टॉपवर. कुठेच नाही जात, फक्त तिथेच येतात. त्या दिवशी मुलं मला हुंबी म्हणाली, तर त्यांनी ऐकलं. मग मला म्हणाले, मला माहीतच नव्हतं गं. मग बसमध्ये चढून सगळ्यांना ऐसा डाँटा ना! ड्रायव्हर अंकल पण डर गए."

"असं?" डॉक्टर म्हणाले.

"पण काका, तुम्ही आजोबांचं चित्र काढलं, तेव्हा त्यांना विचारलं होतं?"

"नाही."

"तर मग सॉरी म्हणा ना." ती अगदी सहज म्हणाली. "खालीच आहेत. आम्हाला सोडायला आले. वर नाही येत. त्यांची दाढ दुखतेय केव्हापासून, रात्री झोपत पण नाहीत, पण तुमच्याकडे बिलकुल नाही येणार म्हणतात."

डॉक्टर उठले. ॲप्रन तसाच, स्वेटर तसाच, गळ्यात मास्क लोंबकळता. जिना उतरून गेले. मी आणि रेवा खिडकीशी गेलो.

खाली औषधांच्या दुकानासमोर एका ई-रिक्षात चिटणीस काका बसले होते. बोडकं डोकं, एक गाल सुजून लाडवासारखा झालेला. डॉक्टर रिक्षाजवळ जाऊन काहीतरी बोलले. काकांनी तोंड दुसरीकडे वळवलं. डॉक्टर वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि परत बोलले. काकांनी तोंड पुन्हा फिरवलं. मागे दुसरे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मग डॉक्टर सरळ आत चढून काकांच्या शेजारी बसले आणि हात जोडून, मान खाली घालून बोलत राहिले. या माणसानं कुणापुढे मान खाली घातलेली मी कधी पाहिली नव्हती. रिक्षावाला मागे वळून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

मध्येच काकांनी गाल धरला. कळ आली असावी. डॉक्टरांनी बोलणं थांबवलं, खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि दुसऱ्या हातानं काकांची हनुवटी धरली. काकांनी आधी हात झटकला. मग कंपूच्या भर रस्त्यात, साऱ्या दुनियेसमोर, त्यांनी 'आ' केला.

डॉक्टर वाकून आत बघत होते. काका तोंड उघडं ठेवूनच काहीतरी म्हणाले. डॉक्टरांचं बोट दाढेवर असल्यामुळे ती शिवी होती की माफी, ते वरून मला कळलं नाही. डॉक्टरांना कळलं असावं, कारण त्यांनी नुसती मान हलवली.

रेवा खिडकीच्या गजाला धरून टाचा उंच करून उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "आजोबा, वर या ना! दुखत नाही जास्त!"

आणि आजोबा वर आले.